जुन्या कॉम्प्युटरमधून घरी सोनं काढताय? धुराबद्दल आधी वाचा

एप्रिल 2025 मध्ये सोन्याने तोळ्याला एक लाखाचा टप्पा ओलांडला. तेव्हापासून माळ्यावर पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरकडे लोक वेगळ्या नजरेने बघू लागले आहेत. रॅमच्या पट्टीवरचे पिवळे दात आणि प्रोसेसरच्या पिना यांवर सोन्याचा मुलामा असतो, हे खरं आहे. व्हिडिओ पाहून पहिल्यांदाच ॲसिडची बाटली आणणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी, हे लिहितो आहे.

आधी हिशोब बघा. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानमध्ये दोन वर्षं जुनी उपकरणं गोळा केली. सुमारे 79 हजार टन माल जमला, त्यात 62 लाख मोबाइल होते. सोनं निघालं साधारण 32 किलो, म्हणजे टनामागे अर्धा ग्रॅमही नाही. निवडक सुट्या भागांत प्रमाण जास्त असतं, पण घरातल्या एका कॉम्प्युटरमधून मिळणारं सोनं ग्रॅमच्या लहानशा अंशातच मोजावं लागतं.

हा मुलामा सोडवण्यासाठी नायट्रिक ॲसिड, किंवा त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळून केलेलं अम्लराज वापरतात. ॲसिडने हात भाजतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हातमोजे घातले जातात. धुराचं मात्र कुणी फारसं मनावर घेत नाही. नायट्रिक ॲसिडमध्ये तांबं विरघळताना उठणारा तांबूस-तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. अमोनियासारखा तो नाकाला लगेच झोंबत नाही. त्यामुळे माणूस तिथेच उभा राहतो आणि वायू फुप्फुसांत खोलवर जातो. थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग बरं वाटतं. हे बरं वाटणंच फसवं असतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरायला लागतं.

माझ्याकडे असाच एक तिशीतला रुग्ण रात्री आला होता. दम्याचा त्रास नाही, ताप नाही, पण धाप लागलेली आणि ऑक्सिजन 86. दुपारी काय केलं, हे त्याने सांगितलंच नाही. गॅलरीतल्या ‘प्रयोगा’बद्दल बायको बोलली तेव्हा उलगडा झाला आणि त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. ती गप्प बसली असती, तर मी न्यूमोनिया समजून बसलो असतो. म्हणून डॉक्टरांपासून हे लपवू नका. आम्ही पोलीस नाही.

असा धूर छातीत गेला असेल तर त्रास नसला तरी रुग्णालयात जा. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, त्यामुळे डॉक्टर ‘थांबा, लक्ष ठेवू’ म्हणाले तर घरी जाण्याची घाई करू नका. तोवर मोकळी हवा आणि पूर्ण विश्रांती. जिने चढउतार नको. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा धाप लागली तर तीही याच धुराची असू शकते. कापडी मास्क किंवा एन-95 हा वायू अडवत नाही, आणि उघडी खिडकी पुरत नाही.

ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली किमान 20 मिनिटं धुवा. त्यावर सोडा चोळू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. उरलेलं ॲसिड बाथरूममध्ये ओतू नका. तिथल्या ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन तयार होतो.

दुसरा धोका शिशाचा. जुन्या बोर्डांच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. बोर्ड तापवून चिप काढताना आणि घासताना त्याची धूळ कपड्यांवर, फरशीवर बसते. रांगणारं मूल हात तोंडात घालतं. रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही, आणि 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आढळलं तर कारण शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात हे काम झालं असेल आणि मूल चिडचिडं झालं असेल, पोट दुखत असेल किंवा रक्त कमी असेल, तर तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने तर त्या खोलीत जाऊच नये.

दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत लोकांचं पोट या कामावर चालतं. त्यांना ‘करू नका’ एवढं सांगून भागत नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे. 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी झालेले पुनर्चक्रीकरण करणारे आहेत, जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडे द्या.

धाप लागली तर 108. काय करावं कळत नसेल, तर दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर सल्ला देतं. फोन करताना ॲसिडची बाटली समोर ठेवा, लेबल वाचून सांगावं लागतं.