काडी ओढणारा हात आणि पाठवणारा हात

वस्ती जळाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘अज्ञात समाजकंटक’ हटकून येतात. गावात मात्र कोणीच अज्ञात नसतो. जाळपोळीचे खटले पुढे न्यायालयात कोसळतात, आणि कायदाच अपुरा आहे असे म्हणून आपले कार्यकर्तेही स्वतःचे समाधान करून घेतात. ही समजूत सोयीची आहे, पण ती खरी नाही.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने जाळपोळ हा ‘आगळीक’ या गुन्ह्याचा गंभीर प्रकार मानला. आगीने किंवा स्फोटक पदार्थाने मालमत्तेचे नुकसान करणे आणि ते करण्याचा उद्देश असणे, किंवा ते घडण्याचा संभव आहे याची जाणीव असणे, एवढे सिद्ध झाले की गुन्हा पुरा होतो. उद्देशच हवा असे नाही, जाणीवही पुरते. माणसांच्या राहण्याची, पूजेची किंवा मालमत्ता ठेवण्याची इमारत नष्ट करण्यासाठी आग लावली तर कलम ४३६ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. ते घर विटांचे की कुडाचे, हे कलम विचारीत नाही. तेथे माणूस राहतो का, एवढेच विचारते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये हेच घटक कायम आहेत. साध्या मालमत्तेसाठी असलेली शंभर रुपये नुकसानीची जुनी अट तेवढी गळाली आहे. शिवाय दलित-आदिवासींचे घर सवर्णांनी जाळल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जन्मठेपच सांगतो.

मग आरोपी सुटतात कसे? तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे एका झोपडीत जाळली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. सत्र न्यायालयाने जमीनदाराला व त्याच्या साथीदारांना शिक्षा दिली; मद्रास उच्च न्यायालयाने पुढे त्यांना सोडले. मोठी जमीन बाळगणारे श्रीमंत लोक नोकरांना पाठवण्याऐवजी स्वतःच पायी जाऊन घरे पेटवतील हे पटत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आम्ही विचारतो, नोकरांना पाठवणे हा गुन्हा नव्हता काय? अपप्रेरणेचे कलम दंडसंहितेत होते. समान उद्दिष्टाने जमलेल्या बेकायदेशीर जमावातील प्रत्येकाला जबाबदार धरणारे कलम १४९ ही होते. काडी कोणाच्या हाताने ओढली हे सिद्ध करण्याची सक्ती कायद्याने केलेली नव्हती. उणीव कायद्यात नव्हती. कोणत्या वर्गाचा माणूस गुन्हेगार असू शकतो, याविषयीच्या समजुतीत ती होती.

हरियाणातील मिर्चपूर येथे २१ एप्रिल २०१० रोजी, कुत्रा भुंकल्याच्या निमित्तावरून पेटलेल्या वादात, वाल्मीकींची घरे जाळली गेली. एक वृद्ध आणि त्यांची अपंग मुलगी मृत्युमुखी पडली. दिल्लीतील सत्र न्यायालयाने २०११ मध्ये १५ जणांना दोषी ठरवून ८२ जणांना सोडले. वाल्मीकींनीच आपली घरे पेटवली, असा बचावही झाला! दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तो फेटाळला आणि सुटलेल्यांपैकी २० जणांना दोषी ठरवले. कलमे तीच, पुरावा तोच. बदलली होती ती पुराव्याकडे पाहण्याची दृष्टी. पण त्यासाठी पीडितांना आठ वर्षे झगडावे लागले.

तेव्हा साथींनो, निषेधाची पत्रके काढून आपले काम संपत नाही. आगीचा पुरावा फार लवकर नष्ट होतो. राख उपसली जाते, रॉकेलचा डबा नाहीसा होतो, साक्षीदाराचे रेशन बंद होते. वस्ती जळाल्यावर आपला माणूस पहिल्या दिवशी तेथे पोहोचला पाहिजे. पंचनाम्यात ‘गवताची गंजी’ लिहिले जाते की ‘राहते घर’, हे त्याने पाहिले पाहिजे. कोण कोठे उभा होता, कोणी चिथावणी दिली, कोणाच्या ट्रॅक्टरमधून माणसे आली, हे प्रत्येक साक्षीदाराच्या जबाबात नावानिशी उतरले पाहिजे. त्या साक्षीदाराची मजुरी तुटली तर तिची भरपाईही आपणच उभी केली पाहिजे.

आग लावणाऱ्याचा हात शोधणे पोलिसांचे काम आहे. त्या हाताला पाठवणारा हात कागदावर आणणे, हे मात्र आपल्यावाचून कोणी करणार नाही.