जुन्या कॅमेऱ्यास शेतांतील काम

महसूल खात्यांत कारकुनी करतांना पंचनामे लिहून जें पाहिलें त्याचा पुरावा ठेवण्याची संवय आम्हांस लागली. तिला अनुसरून गेल्या हंगामांत कपाशीवर गुलाबी बोंडअळीची डोमकळी दिसतांच आमच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यानें आम्हीं ती जवळून टिपली व तोडून नष्ट केली. फिल्म धुऊन आली तों कळी अस्पष्ट, तीहि वरून कापलेली! शेजाऱ्यांचा विश्वास बसेना; त्यांची पाहणी लांबली आणि अळी बोंडांत शिरली.

दोष आमच्या अज्ञानाचा होता. या कॅमेऱ्यांत पाहण्याची खिडकी भिंगाच्या वर असते, म्हणून जवळच्या वस्तूचा वरचा भाग चित्रांतून सुटतो. शिवाय बहुतेकांचें अंतरमापक सुमारें एक मीटरच्या फार आंत चालत नाहीं.

उपाय स्वस्त आहे. मुख्य भिंग अनंतावर ठेवून त्यापुढें तीन डायॉप्टरचें पूरक भिंग बसवावें. मग ३३ सें.मी.वरील वस्तु स्पष्ट येते; दोन डायॉप्टरचें असल्यास ५० सें.मी.वरील. ३५ मि.मी. फिल्म व ५० मि.मी. भिंग असतां पहिल्या प्रकारीं सुमारें २४ × १६ सें.मी. क्षेत्र मावतें. तेवढी तारेची चौकट करून त्याच अंतरावर कॅमेऱ्यास पट्टीनें जोडावी व फांदी चौकटींत धरावी. खिडकींत पाहण्याचें कारणच उरत नाहीं. छिद्र एफ ११ इतकें लहान ठेवावें.

शेतांत शिरलेले रोही दुरून टिपणें निराळें. लायकाच्या एम कॅमेऱ्यांत अंतरमापकाशीं जोडलेलें सर्वांत लांब भिंग १३५ मि.मी.चें. त्याहून लांब भिंगास आरशाची व्हिसोफ्लेक्स पेटी लागते; ती जड व महाग. १९५९ सालीं निकॉन एफ निघाल्यापासून हें काम आरशाच्या कॅमेऱ्यांकडे गेलें तें योग्यच झालें. वर्षांतून दोन वेळांच्या गरजेसाठीं अशी पेटी शोधीत फिरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हल्लीं मोबाइल असतां ही खटपट कशाला, असें कोणी म्हणेल. तांतडीचें चित्र मोबाइलनेंच पाठवावें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांच्या घरीं असा कॅमेरा पडून आहे, त्यांनीं थोडक्या खर्चांत त्यास कामास लावावें, आणि पहिली फिल्म हंगामापूर्वीं घरच्या परसांत खर्चावी. आम्हीं ती शेतांत खर्चिली. तिची किंमत शेजाऱ्यांच्या कपाशीनें दिली.