रायफल म्हणजे तांब्याचा गडू नव्हे!

दर खंडेनवमीला आमच्या वऱ्हाडात एक हत्याकांड होतं आणि त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या घरांमधून लायसनच्या रायफली बाहेर निघतात आणि गडू-समयांच्या रांगेत बसतात. तीच चिंच, तीच तांब्या-पितळेची पावडर, तोच काथ्या!

आमच्या मामांनी त्यांच्या .३१५ ईशापूरची नळी अशीच घासली. वर मला कौतुकानं म्हणाले, "पाय बावा, कशी चांदीसारखी चमकून रायली!"

मामा, ती चमकून नाही रायली, ती उघडी पडून रायली.

नळीवरचा तो निळसर काळा रंग म्हणजे मळ नाही. तोही एक गंजच आहे, पण मुद्दाम चढवलेला, शहाणा गंज. कॉस्टिक आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपास उकळत्या द्रावणात पोलाद बुडवलं की हा थर येतो. जाडी मिलिमीटरचा जेमतेम हजारावा भाग! तो तेल धरून ठेवतो, म्हणून लाल गंज लांब राहतो. चिंचेतलं आम्ल तो विरघळवतं, ब्रासोतली भुकटी तो खरवडून काढते. मग त्या नागड्या पोलादावर ओलं हळद-कुंकू लावून आपण रात्रभर ठेवतो. वा!

यावर ठरलेलं उत्तर: "आजोबाच्या वक्तापासून असंच हाय." अहो, आजोबांच्या आजोबांकडे तलवार होती. तिचं पातं मुळातच उघडं पोलाद, घासलं तरी तेल लावून भागायचं. रीत तलवारीची, लावली रायफलीला. पूजेशी माझं भांडण नाही. गंध लाकडी दस्त्याला लावा आणि पुसून टाका.

बरं, चिंच नको म्हटलं की खोबरेल आणतात. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात अमरावतीला बाटलीत जे होतं तेच बोल्टमध्ये होणार. जवसाचं तेल आपल्याकडचंच, दस्त्याच्या लाकडाला उत्तम, पण लोखंडावर ते वाळून वार्निशसारखं चिकटतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, वर्षभराच्या राखणीला नाही. निकेल चढवलेल्या हत्याराला अमोनियावालं सॉल्व्हंट लावाल तर निकेलखालचा तांब्याचा थर खाल्ला जाईल. म्हणजे बाटली उचलण्याआधी एकच प्रश्न, वर थर कोणता आहे? निळ्या थराला शिलाई मशीनचं पातळ तेल आणि जुन्या धोतराचा तुकडा पुरतो. (आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून, हे सांगायला नको.)

२०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. दोन्ही वेळा मामांची रायफल ठाण्यात जमा होती, तीही कोरडीच, रेक्झिनच्या खोळीत. घरी आली तेव्हा नळीवर तांबडे ठिपके होते.

हे सगळं मी मामांना तासभर समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग आता काळा ऑईल पेंट मारू काय?"

डबा आणूनही ठेवलाय हो!