ब्रिज पक्का, पण त्याखालचा दात?

“फिक्स दात बसवलेत, आता काळजी मिटली,” असे बरेच जण सांगतात. माझे मत नेमके उलटे आहे. खरी काळजी आता सुरू होते.

ब्रिजमध्ये पडलेल्या दाताच्या शेजारचे दात घासून त्यांवर कॅप बसवतात आणि खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. खोटा दात किडत नाही. पण कॅपखालचे दात तुमचेच आहेत. हिरडीजवळ, कॅपच्या कडेला त्यांना कीड लागते. आधाराचा दात गेला की बहुधा अख्खा ब्रिज जातो.

कीड लागायला गोळ्या-बिस्किटेच लागतात असे नाही. आपल्या इनामगावात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे सापडलेल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांतही कीड आढळली. अन्न अडकून राहिले की जंतू आपले काम करतातच.

मग घरी काय करायचे?

• सकाळी आणि झोपताना मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा.

• रोज एकदा खोट्या दाताखाली दोरा फिरवा. दात जोडलेले असल्याने साधा दोरा वरून जात नाही. त्यासाठी कडक टोकाचा सुपरफ्लॉस मिळतो. तो बाजूने ओवून हळूच मागे-पुढे करा.

• फट मोठी असेल तर दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश वापरा.

• काडी, सुई, पिन घालू नका. चूळ भरणे चांगलेच, पण चिकट थर त्याने निघत नाही.

• मिश्री म्हणजे तंबाखूच. ती सोडा.

मी दातांचा डॉक्टर नाही, तरी हे सांगतो, कारण हिरड्या सुजलेल्या असतील तर मधुमेह आटोक्यात ठेवणे अवघड जाते आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. गोळ्या वेळेवर घेता, तसा दोराही रोज फिरवा.

हिरडीतून रक्त, दुर्गंधी, चावताना दुखणे किंवा ब्रिज हलणे, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याकडे जा. त्रास नसला तरी सहा महिन्यांनी तपासणी करा. आणि नवा ब्रिज बसवाल तेव्हा “दोरा कसा घालायचा ते आरशात दाखवा” असे सांगा. ते शिकल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. हजारो रुपयांच्या ब्रिजचे आयुष्य रोजच्या त्या दोन मिनिटांवर ठरते.