गोडीचा दगा आणि कोरडी वाइन

१९८५ साली ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. पातळ वाइन गोड आणि भरदार लागावी म्हणून काही व्यापाऱ्यांनी केलेली ही भेसळ. निर्यात कोसळली, ओल्याबरोबर सुके जळावे तसे प्रामाणिक बागाईतदारही होरपळले. त्याच वर्षी सरकारने कडक कायदा केला. पुढे या देशाने गेलेली पत मिळवली ती मुख्यतः ड्राय, म्हणजे कोरड्या, पांढऱ्या वाइनवर.

द्रव पदार्थ कोरडा कसा, असे कुणी विचारील. साखर आंबून तिचा मद्यार्क झाला, गोडी जवळपास उरली नाही, एवढाच अर्थ. बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिले असेल तर लिटरमागे साखर फार तर ९ ग्रॅम. गोडीखाली पुष्कळ दोष झाकले जातात. कोरड्या वाइनला ती सोय नाही.

तिथले मुख्य द्राक्ष ग्रूनर वेल्टलिनर. पांढऱ्या मिरीची झाक, तरतरीत आंबटपणा. डॅन्यूबकाठच्या वाखाऊत वाइनच्या तीन पायऱ्या: हलकी श्टाइनफेडर, ११.५ ते १२.५ टक्के मद्यार्काची फेडरश्पील आणि सर्वांत जड श्माराग्ड. श्माराग्ड म्हणजे पाचू. नाव घेतले तिथल्या हिरव्या सरड्यावरून, किंमत मात्र पाचूची! जेवणाबरोबर घ्यायची तर आमचे मत फेडरश्पीलला. आणि नावाला भुलण्याआधी बुचावरचा लाल-पांढरा-लाल पट्टा व लेबलावरचा सरकारी तपासणी क्रमांक पाहावा. प्रयोगशाळेत तपासून आणि चाखून झाल्यावरच तो मिळतो.