सगळीकडे चालणारा माणूस

गेल्या शनिवारी एका मित्राशी फुटबॉलवरून कडाक्याचं भांडण झालं. चहाच्या टपरीवर सुरू झालं आणि रात्री साडेबाराला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संपलं. संपलं म्हणजे वॉचमनने हाकललं. मुद्दा एकच होता. जानेवारी 2024 मध्ये एलिफ एल्मासने नापोली सोडलं, तो गाढवपणा होता की नाही? मित्र म्हणतो होता. मी म्हणतो, अजिबात नाही.

एल्मास कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर मॅसिडोनियाचा मिडफिल्डर, जन्म 1999, गाव स्कोप्ये, घर तुर्की वंशाचं. (तुर्कीत एल्मास म्हणजे हिरा. आडनावाचं ओझं काय कमी असतं का!) राबोत्निच्की या तिथल्या क्लबकडून सुरुवात, 2017 मध्ये तुर्कस्तानात फेनरबाहचे, 2019 मध्ये इटलीत नापोली. अख्ख्या देशाची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत साधारण 18 लाख, म्हणजे आपल्या पुण्याहून कमी. त्यामुळे आपल्याकडे ऑनसाइट जाणं हे जसं बक्षीस असतं तसं तिथल्या फुटबॉलरचं नसतं. बाहेर पडल्याशिवाय करिअर सुरूच होत नाही.

नापोलीत साडेचार वर्षांत त्याने पाच कोच पाहिले. अँचेलॉटी, गट्टुसो, स्पालेट्टी, गार्सिया, मात्सारी. आणि जागा किती खेळला? मध्ये, डावीकडे, उजवीकडे, स्ट्रायकरच्या मागे. जिथे कोणी जखमी होईल तिथे हा. बरं, नुसती जागा भरायचा असंही नाही. डिसेंबर 2021 मध्ये लेस्टरविरुद्ध दोन गोल, दहा दिवसांनी सान सिरोवर मिलानविरुद्ध पाचव्याच मिनिटाला हेडर, आणि नापोलीने ती मॅच 1-0 जिंकली. 5 नोव्हेंबर 2022 ला बेर्गामोत अटलांटाविरुद्ध क्वारात्सखेलिया पाठदुखीमुळे नव्हता. त्याच्या जागी एल्मास, आणि जिंकून देणारा गोल एल्मासचा. पुढच्याच आठवड्यात उदिनेसेविरुद्ध अजून एक. मग नवीन वर्षात क्वारात्सखेलिया बरा होऊन आला आणि आपला हिरा परत बाकावर. त्या मोसमात नापोली 33 वर्षांनी लीग जिंकली. मेडल मिळालं, गावभर मिरवणूक झाली, आणि पुढच्या मोसमात परत तेच.

आमच्याकडे बेंच म्हणजे ज्याला प्रोजेक्ट नाही तो. रोज ऑफिसला यायचं, कँटीनमध्ये बसायचं, एचआरची नजर चुकवायची. फुटबॉलचा बेंच मला त्याहून क्रूर वाटतो. तिथे तुम्ही प्रोजेक्टवर असताच. सगळी तयारी, सगळा सराव, बूट घालून तयार. आणि तुमची पाळी येणार की नाही हे दुसऱ्याच्या गुडघ्यावर अवलंबून.

हे मला इतकं का झोंबतं ते सांगून टाकतो. गेली चार वर्षं आमच्या टीममध्ये मी तोच माणूस आहे. टेस्टिंगला कोणी नाही, याला टाका. डेटाबेसवाला लग्नाला गेलाय, याला टाका. क्लायंट चिडलाय, कॉलवर याला बसवा. यंदाच्या अप्रेझलमध्ये ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं देतो : ‘तू सगळीकडे चालतोस ना, म्हणून तुला एका मॉड्युलमध्ये अडकवणं परवडत नाही.’ मॉड्युल लीड झाला दुसराच. कामाला चांगला आहे तो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण कौतुकाच्या शब्दांत कोणी इतकं सफाईने दार लावलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

आता मित्राचा हुकमी एक्का. लाइपझिगने एल्माससाठी सुमारे अडीच कोटी युरो मोजले, असं तेव्हा छापून आलं होतं. पण तिथेही त्याचं बस्तान बसलं नाही. वर्षभरात तोरिनोला लोनवर. आणि 23 मे 2025 ला नापोलीने कालियारीला 2-0 हरवून पुन्हा लीग जिंकली, याच्याशिवाय! ऑगस्ट 2025 मध्ये स्वारी लोनवरच परत नापोलीत. ‘बघ, शेवटी आलाच ना?’ मित्र म्हणाला, तेव्हा वॉचमन आमच्याकडे चालत येत होता.

आला. पण हे म्हणजे प्रॉडक्शनमध्ये बग सापडल्यावर दोन वर्षांपूर्वीच्या कोडचा रिव्ह्यू करण्यासारखं झालं. जानेवारी 2024 मध्ये त्याच्यासमोर काय होतं? मोसमाच्या मध्यावर कोच बदललेली, भरकटलेली टीम. ती शेवटी दहावी आली. वय चोवीस. आणि लीगचं मेडल तर आधीच खिशात. अशा वेळी अजून तीन वर्षं कोणाची पाठ दुखते याची वाट बघायची?

शिवाय त्याला दुसरी चव माहीत होती. 31 मार्च 2021, डुइसबुर्ग, वर्ल्ड कप क्वालिफायर. समोर जर्मनी. 2001 पासून वर्ल्ड कपची एकही क्वालिफायर न हरलेली. स्कोअर 1-1, 85 वं मिनिट, अदेमीने बॉल मागे दिला आणि एल्मासने तो आत घातला. 2-1. क्लबमध्ये राखीव असलेला हा पोरगा देशाच्या टीममध्ये कोणाच्याही जागी खेळत नसतो, ती जागा त्याचीच असते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हा अनुभव घेऊन जो परत बाकावर बसतो, त्याला ‘नेपल्समध्ये लोकांचं तुझ्यावर किती प्रेम आहे’ हे सांगून किती दिवस थांबवणार?

हां, मित्राचं एक म्हणणं मला खोडता आलं नाही. लाइपझिगमध्येही तो बहुतेक बाकावरच होता. म्हणजे क्लब बदलला, देश बदलला, पण शिक्का बरोबर गेला. असं होऊ शकतं. त्या रात्री झोप लागली नाही ती याच वाक्याने.

कारण माझ्या मेलबॉक्समध्ये एक ऑफर लेटर पडलंय. लहान कंपनी आहे, नाव सांगितलं तर घरचे ‘कुठली?’ विचारतील. पगार जवळपास तेवढाच. पण एक मॉड्युल, पूर्ण माझं. सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. होकाराचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. मित्राला अजून बोललो नाहीये. तो शनिवारी येतोय, वॉचमनला आधीच सांगून ठेवावं लागेल.