माहूरच्या पायऱ्या

आपल्या पूर्वजांनीं आयुष्य मोजलें तें शरदांनीं. शंभर शरद पाहा, असाच आशीर्वाद ते देत. कालिदासाच्या नांवावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग याच ऋतूचा आहे. वर्गांत मीं शरदाचें वर्णन पुष्कळदां शिकविलें. परंतु हा ऋतु पायीं चालून पाहावयाचा असतो, हें यंदा कोजागिरीनंतर माहूरचा डोंगर चढतांना समजलें.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस असलेल्या या क्षेत्राचें जुनें नांव मातापूर. साडेतीन शक्तिपीठांपैकीं रेणुकेचें पीठ तें हेंच. एका डोंगरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्तात्रेय, तिसऱ्यावर अनसूया. भोंवतीं सागाचें रान आणि खालीं पैनगंगा. नवरात्रांतील गर्दी ओसरली होती. आकाश धुतल्यासारखें स्वच्छ, आणि उतारावरील गवत नुकतें पिवळें पडूं लागलेलें.

जपानांतही शरदांत रंगलेलीं पानें पाहावयास डोंगरावर जाण्याची जुनी चाल आहे. टोकियोजवळचा ताकाओ डोंगर अवघा ५९९ मीटर उंचीचा; त्यावर एक बौद्ध मंदिर असून तें इ. स. ७४४ मध्यें स्थापिलें असें सांगतात. मेपलचीं पानें लाल झालीं कीं तेथें आबालवृद्धांची रीघ लागते. आपला साग त्या वेळीं हिरवाच असतो. परंतु लहानसा डोंगर, वर देवस्थान आणि हातीं मोकळा एक दिवस, हें सुख दोहींकडे सारखेंच.

माझा नातू दोन दोन पायऱ्या एकदम चढत होता. “आजोबा, चला ना लवकर!” वरून त्यानें हाक दिली, आणि मी जागच्या जागीं थबकलों. पन्नास वर्षांपूर्वीं याच पायऱ्यांवर हेंच वाक्य मीं आईस म्हटलें होतें. तिला दम लागला होता. “तूं हो पुढें, बाळ, मी येतें,” असें म्हणून ती पायरीवर बसली. आणि मी खरोखरच पुढें गेलों. ती वर पोंचली तों उन्हें कलूं लागलीं होतीं. अनसूयेच्या शिखरावर जाण्याची तिला फार हौस. पण परतीची मोटर चुकेल म्हणून “पुढच्या वर्षीं जाऊं” असें मीं सांगितलें. तें पुढचें वर्ष तिच्या नशिबीं नव्हतें.

येथील कथा वाचकांस ठाऊक असेलच. जमदग्नीचा अंत्यविधि आटोपल्यावर परशुराम मातेसाठीं व्याकुळ झाला. माता भूमींतून प्रगट होईल, तोंवर मागें वळून पाहूं नकोस, अशी त्यास आज्ञा झाली. परंतु त्यास धीर निघाला नाहीं. त्यानें वळून पाहिलें तों केवळ मुखच वर आलें होतें. म्हणून येथें देवीच्या मुखाचीच पूजा होते. ही कथा मीं शेंकडों मुलांस सांगितली. मुलाच्या उतावीळपणानें आईचें दर्शन अपुरें राहतें, हा तिचा अर्थ मात्र त्या पायरीवर मला प्रथम लागला.

इतक्यांत नातू खालीं उतरून माझ्या शेजारीं येऊन बसला. “दमलांत का? बसूं या थोडें,” एवढेंच तो म्हणाला. जें मला सोळाव्या वर्षीं सुचलें नाहीं, तें त्याला बाराव्या वर्षीं सुचलें.

दर्शन झालें, कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद म्हणून मिळाला. मग आम्ही सावकाश दत्तशिखरावर आणि तेथून अनसूयेच्या शिखरावर गेलों. तेथें आईचें नांव घेऊन तांबूल दोघांनीं वांटून खाल्ला. उतरतांना अंधार पडला, पण घाई कोणासच नव्हती.

असो. ज्यांच्या घरीं वृद्ध आईबाप आहेत, त्यांनीं या शरदांत त्यांस एखाद्या लहानशा डोंगरावर अवश्य न्यावें. डोंगर कोणताही चालेल. चाल मात्र त्यांची असावी.